चोरीला गेलेलं छत

१

सोमवारी सकाळी दामिर ब्रालिचने बुरालीच्या मेमोरियल हॉलचं मागचं दार उघडलं, आत एक पाऊल टाकलं, वर पाहिलं आणि उलट पावली बाहेर आला. जे छत काढून न्यायला तो आला होता ते छतच जागेवर नव्हतं. हॉलच्या स्वयंपाकघरावर नुसत्या तुळया उरल्या होत्या आणि त्यांच्या वर छपराचं लोखंड दिसत होतं.

चोराने काय न्यावं याला धरबंध नसतो हे बुरालीला ठाऊक होतं. किनाऱ्यावरच्या या गावातून बोटींची इंजिनं गेली होती, गॅसची नळकांडी गेली होती, एकदा तर बोलिंग क्लबच्या हिरवळीला पाणी घालायचा पाइपही गेला होता. पण हे छत फायब्रोचं होतं, म्हणजे ॲसबेस्टॉस कालवलेल्या सिमेंटच्या सपाट पत्र्यांचं. त्याची धूळ एकदा छातीत शिरली की तीस-चाळीस वर्षं गप्प बसते आणि मग एक दिवस माणसाला घेऊन जाते. असलं छत कुणी फुकट दिलं तरी नको. इथे मात्र कुणीतरी रविवारची सुट्टी मोडून, घाम गाळून ते चोरून नेलं होतं.

दामिरने पहिला फोन नियमाप्रमाणे सुरक्षा निरीक्षकांच्या कचेरीला केला आणि दुसरा लोर्ना क्वीलला. पहिल्या फोनने तो अडकला. दुसऱ्याने सुटेल अशी त्याला आशा होती.

लोर्ना हॉल समितीची चिटणीस. सत्तरीला टेकलेली, मुलं हाताशी आल्यावर पोलिसात शिरलेली आणि सार्जंट होऊन निवृत्त झालेली बाई. हे काम दामिरला द्यायचं हा हट्ट तिचाच होता. समितीच्या अध्यक्ष ग्वेनिथ लॅशली यांना गावातला क्लिफ पार्डो हवा होता, कारण क्लिफ आठवड्यात काम उरकून देणार होता आणि ग्वेनिथच्या नातीचं लग्न त्याच हॉलमध्ये व्हायचं होतं. क्लिफने सभेत टेबलावर ऐटीत फायब्रो काढायच्या परवान्याचं कार्डही ठेवलं होतं. लोर्नाने दुसऱ्या दिवशी परवाना देणाऱ्या कचेरीला फोन लावला. कार्ड क्लिफच्या मेव्हण्याचं निघालं. मेव्हणा केव्हाच क्वीन्सलँडला राहायला गेला होता आणि परवान्याची मुदतही संपलेली होती. मग तिने तसाच फोन दामिरच्या बाबतीत केला. परवाना चालू आहे का, तो कुठल्या प्रकारच्या कामाला आहे, काढलेला माल कुठल्या कचऱ्याच्या आगारात जातो, काम संपल्यावर हवा तपासायला त्रयस्थ माणूस येतो का, हे सगळं तिने खोदून विचारलं. परवाना ही भिंतीवर टांगायची तसबीर नव्हे, असं तिने सभेत सुनावलं तेव्हा ग्वेनिथने तोंड फिरवलं होतं.

लोर्नाला हे सगळं विचारायचा हक्क होता. तिचा नवरा डेस सुतार होता. उभी हयात त्याने करवतीने फायब्रो कापलं, आणि शेवटचे महिने त्याला आडवंही होता आलं नाही, बसल्या बसल्या तो झोपायचा. त्याची ती धाप लोर्नाच्या कानातून अजून गेली नव्हती.

दुपारी निरीक्षक बाई आल्या. त्यांनी आतली हवा तपासली, जमीन तपासली आणि बाहेर येऊन दामिरला विचारलं, "किल्ली तुमच्याकडेच होती ना?"

शुक्रवारपासून होती, असं तो म्हणाला.

"मग काम बंद ठेवा. परवाना स्थगित आहे असं समजा," त्या म्हणाल्या.

२

निरीक्षक बाईंचा हिशोब सरळ होता. आत पत्र्याचा एकही फुटका तुकडा पडलेला नव्हता. जमीन ओल्या फडक्याने पुसलेली होती. अडाणी माणूस छत पाडतो तेव्हा तुकड्यांचा आणि धुळीचा खच पडतो, इतकं नेटकं काम शिकलेला माणूसच करतो. किल्ली दामिरकडे. रविवारी अख्खं गाव फुटबॉलच्या अंतिम सामन्याला शेजारच्या गावी गेलेलं. हवामापक यंत्र नको, त्रयस्थ तपासनीस नको, आगाराची कटकट नको, म्हणून गड्याने एकट्यानेच उरकलं असेल आणि पत्रे कुठल्यातरी रानात टाकले असतील. सोमवारी सकाळी साळसूदपणे आपणच फोन करायचा, की झालं.

"आणि तू रविवारी होतास कुठे?" लोर्नाने त्याला विचारलं.

"मासे धरायला. एकटाच," दामिर म्हणाला. "मिसेस क्वील, एक मासा मिळाला नाही हो. मिळाला असता तर निदान तो तरी दाखवला असता."

त्याला हसायचं होतं, जमलं नाही. त्याची बायको आनाचे दिवस भरत आले होते. पहिलंच मूल. एवढ्या एका परवान्यावर त्याचं सगळं घर उभं होतं, आणि तो गेला की या धंद्यात पुन्हा पाऊल ठेवायला कुणी देत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची वेळ आली होती, आणि या संन्याशाला गावात आणलं होतं लोर्नाने.

तिने निरीक्षक बाईंकडे शब्द टाकला. जुनी सार्जंट म्हणून त्यांनी तिला मास्क चढवून दारातून आत बघू दिलं.

लोर्ना बराच वेळ उंबऱ्यावर उभी राहिली. ओट्यावरची कपाटं रिकामी होती. समितीच्या बायकांचे चहाचे कप, बशा, मोठी किटली सगळं पुढे रंगमंचावर नेऊन मांडलेलं होतं आणि त्यावर धुतलेला टेबलक्लॉथ पांघरलेला होता. कोपऱ्यातल्या कपाटात जमीन पुसायचा मॉप पिळून, दांडा वर करून, आपल्या खिळ्याला टांगलेला होता. खिडकीत सरबताचा एक रिकामा डबा होता आणि त्यात छताचे खिळे होते. एकूण एक खिळा ठोकून सरळ केलेला.

आणि लिनोलियमवर जागोजागी काळ्या रबराच्या कोरी उमटल्या होत्या, नखाएवढ्या, चंद्रकोरीच्या आकाराच्या. असली कोर आपण कुठेतरी पाहिली आहे एवढं लोर्नाला कळत होतं. कुठे, ते मात्र काही केल्या आठवेना.

३

क्लिफ पार्डो पबच्या मागच्या अंगणात पाईचा घास घेत बसला होता. लोर्नाला पाहून तो म्हणाला, सार्जंटबाईंनी येताना बेड्या आणल्या असतील तर आधी पाई तरी संपवू द्या. मेव्हण्याच्या कार्डाची फजिती तो विसरला नव्हता. त्याचा राग रास्त नव्हता पण खरा होता.

"हे बघ लोर्ना, ते काम मी केलं असतं ना, तर हातोडीने धडाधड पाडलं असतं, ट्रेलरमध्ये भरलं असतं आणि जेवणाच्या आत इथे येऊन बसलो असतो," तो म्हणाला. "बायकांच्या कपांवर टेबलक्लॉथ कोण पांघरत बसतो?"

"कपांचं तुला कुणी सांगितलं?"

क्लिफचा घास हातातच राहिला.

सांगितलं होतं ग्वेनिथने, आणि ते एकट्या क्लिफला नाही तर खाटकाला, पोस्टातल्या मुलीला आणि चर्चच्या पायरीवर जो भेटेल त्याला. शिवाय क्लिफ रविवारी सामन्याच्या मैदानावर दिवसभर सॉसेज भाजत उभा होता, हे निम्म्या जिल्ह्याने पाहिलं होतं. लोर्नाला त्याचं म्हणणं पटलं. आपल्याला काम का मिळालं नाही याचं कारण त्याने आत्ताच स्वतःच्या तोंडाने दिलं, हे त्याच्या लक्षात आलं नाही, आणि तिनेही आणून दिलं नाही.

ग्वेनिथ मात्र गोडीत होती. छत तर गेलं, आता लग्न वेळेवर होईल, हे तिला लपवता येत नव्हतं. किल्लीबद्दल विचारलं तेव्हा तिने उलट विचारलं की किल्लीला काय धाड भरली आहे, ती जन्मापासून मागच्या दाराशी जिरेनियमच्या कुंडीखाली असते आणि गावातल्या शेंबड्या पोरालाही ते माहीत आहे. दुसरी किल्ली दामिरकडे होती म्हणून कुलूप त्याचं एकट्याचं होत नव्हतं. मग ग्वेनिथने चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "तू काहीही म्हण लोर्ना, पण मला तो परका पोरगा पहिल्यापासून नको होता."

परका म्हणजे काय, दामिरचा जन्म इथून तासाभरावरचा. लोर्ना वाद न घालता निघाली.

एक गोष्ट तिला आता स्पष्ट दिसत होती. दामिरने हे काम केलेलं नाही. निरीक्षक बाईंनी पुसलेली जमीन पाहिली होती, पण ती कशाने पुसली ते पाहिलं नव्हतं. शिकलेला माणूस साधा मॉप वापरत नाही, आणि वापरलाच तर तो पत्र्यांबरोबर पिशवीत बांधून कायमचा टाकून देतो, कारण धूळ आता त्या मॉपात असते. दामिरने हेच सभेत अर्धा तास समजावलं होतं. तो मॉप पिळून परत खिळ्याला टांगणार नाही. आणि खिळे सरळ करून डब्यात तर मुळीच ठेवणार नाही, तेही पिशवीतच जातात. हे काम करणाऱ्याला छत अलगद कसं उतरवायचं ते येत होतं, पण धुळीचे नियम त्याला कुणी शिकवलेले नव्हते. घेतलेली वस्तू जागेवर ठेवावी आणि वाकलेला खिळा फेकू नये, एवढंच त्याला शिकवलेलं होतं.

असं शिकवणारं युग केव्हाच संपलं होतं. तिने गाडी आपल्या घरासमोरच्या ॲल्बी मॉट्रमच्या घराकडे वळवली, कारण त्या युगाबद्दल विचारावं असा तेवढाच एक माणूस उरला होता.

४

ॲल्बी आणि डेस एकाच मिस्त्रीकडे सुतारकी शिकले. हॉल उभा राहिला तेव्हा दोघं पंचविशीतले, सगळं गाव फुकट राबत होतं आणि छताचं काम या दोघांचं होतं. दोघांची थट्टा चालायची ती अशी, की डेस मापं काढायचा आणि ॲल्बी चुका काढायचा. डेसची शवपेटी ॲल्बीने स्वतः बनवली होती, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता.

बेरिल, त्याची बायको, बाजारात गेली होती. ॲल्बीने स्वतः चहा केला, वर लोण्याचे छोटे पॅनकेक काढले. स्वयंपाकघर ते बैठकीची खोली एवढ्या अंतरात तो एकदा भिंतीला टेकला. लोर्नाने ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

सामन्याची गोष्ट निघाली. घरी रेडिओवरच ऐकला, तो म्हणाला, बेरिल बहिणीबरोबर गेली, मला गर्दी सोसत नाही आता. ज्या माणसाने तापात असतानाही अंतिम सामना कधी चुकवला नव्हता त्याला गर्दी सोसत नव्हती. लोर्नाने मान हलवली.

मग तिने हॉलची हकीकत सांगितली. ॲल्बी बशीकडे बघत ऐकत होता. कप, टेबलक्लॉथ, खिळे, कशालाच त्याने हं सुद्धा केलं नाही. शेवटी तिने दामिरचं सांगितलं, परवाना स्थगित झाला, बहुतेक जाणारच, बायकोचे दिवस भरलेत. तेव्हा त्याच्या हातातला कप कलंडला आणि चहा मांडीवर सांडला.

"त्या पोराचा? त्याचा परवाना का?" ॲल्बी म्हणाला. "त्याने काय केलंय?"

"तो म्हणतो त्याने काही केलेलं नाही. पण केलं कुणी ते कळल्याशिवाय कोण ऐकणार त्याचं?"

ॲल्बी चहा पुसत राहिला. पुसून झाल्यावरही पुसत राहिला. लोर्नाला समितीची ती सभा आठवली. दामिरने सगळं समजावून झाल्यावर, काही शंका आहेत का असं विचारलं होतं, आणि शेवटच्या रांगेतून ॲल्बीने एकच प्रश्न केला होता, पोरा, तुला मुलंबाळं किती? पहिलं आता वसंतात येईल, असं दामिर लाजून म्हणाला होता. सगळे हसले होते. ॲल्बी हसला नव्हता.

ती घरी आली ती थेट परसातल्या शेडकडे गेली. डेस गेल्यापासून तिथे फारसं कुणी जात नव्हतं. दाराच्या चौकटीवरची किल्ली जागेवर होती, पण तिच्यावर धूळ नव्हती. आत जमिनीवर, डेसच्या कामाच्या टेबलाजवळ, जुन्या काळ्या रबराच्या कोरी होत्या. नखाएवढ्या, चंद्रकोरीच्या आकाराच्या.

काखेत कळसा आणि गावाला वळसा घालून ती दोन दिवस फिरत होती. एकट्या सुताराला छताचा पत्रा चढवायचा किंवा उतरवायचा असेल तर खालून आधार लागतो, म्हणून डेसने टी-आकाराचा एक लाकडी टेकू बनवला होता. वरच्या आडव्या फळीला गालिच्याची पट्टी, पत्र्याला ओरखडा पडू नये म्हणून. खालच्या टोकाला टायरचा तुकडा, टेकू घसरू नये म्हणून. त्या तुकड्याची कड जमिनीवर उमटायची आणि लोर्ना त्यावरून डेसशी भांडायची.

टेकूची भिंतीजवळची जागा रिकामी होती. शेडची किल्ली चौकटीवर असते हे जिवंत माणसांपैकी फक्त दोघांना माहीत होतं, आणि त्यातली एक ती स्वतः होती.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ॲल्बीकडे निघाली. पोलिसात असताना तिने माणसं धरली होती, पण त्यातल्या कुणी तिच्या नवऱ्याला खांदा दिलेला नव्हता. न धरावं तर दामिर बुडतो. धरावं तर एका थकल्या म्हाताऱ्यावर निरीक्षक, दंड आणि वर्तमानपत्रं सोडायची. रात्रभर तिने तिसरा मार्ग शोधला होता. तो नव्हताच.

घराच्या बाजूने ती परसात शिरली आणि तिथेच थबकली.

बेरिल कपडे वाळत घालत होती. समुद्राकडून छान वारा सुटला होता, खांबाभोवती फिरणाऱ्या दोरीवर चादरी फडफडत होत्या. बेरिलच्या हातात ॲल्बीचा कामाचा निळा डगला होता. ती तो दोन्ही खांद्यांना धरून जोरात झटकत होती, फाट, फाट, जशा त्यांच्या पिढीच्या सगळ्या बायका झटकत आल्या होत्या, तोंडासमोर धरून.

"ये गं," बेरिल म्हणाली. "बघ ना, रविवारी म्हणे पन्हळी साफ केल्या यांनी. सोमवारी नुसता झटकला तर केवढी पांढरी धूळ उडाली म्हणून सांगू. दोनदा धुतलाय तरी शिवणीतून जात नाही. आणि माझ्या दोन जुन्या चादरी कुठे नेल्या कोण जाणे."

लोर्नाने जाऊन तिचा हात धरला. डगला तिच्या हातातून घेतला, हलकेच, न हलवता, आणि ओल्या गवतावर ठेवला.

"काय झालं?"

"आत नको जाऊस," लोर्ना म्हणाली. "हात धू, नळाखाली, आणि माझ्या घरी जाऊन बस. दार उघडंच आहे. मी येते."

बेरिलने फार विचारलं नाही. ती गेली. परसाच्या टोकाला पाण्याच्या टाकीखाली बोटीची ताडपत्री अंथरलेली होती, आणि तिच्या एका कडेतून फुलाफुलांच्या चादरीचं टोक बाहेर आलं होतं. शेजारी टाकीच्या खांबाला डेसचा टेकू टेकवून ठेवला होता.

ॲल्बी मागच्या पायरीवर बसला होता. अंगात कोट, डोक्यावर हॅट, पायात चर्चला जायचे बूट.

"मी निघालोच होतो. निरीक्षक बाईंकडे," तो म्हणाला. "तू धरायच्या आधी."

६

"मीच लावलं होतं, मीच काढलं," ॲल्बी म्हणाला. "डेस असता तर दोघांनी काढलं असतं."

त्याने सगळं सांगितलं, सुतार सुताराला सांगतो तसं. शेवटचा पत्रा किटलीच्या कपाटावरचा, तो खिळ्यांनी नव्हे तर स्क्रूंनी बसवलेला, कारण तिथे हातोडी फिरत नव्हती. हे डेसला आणि त्याला सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. तो आधी काढला की बाकीचे सुटतात. दुसऱ्या कुणी कोपऱ्यातून सुरुवात केली असती तर निम्मे फुटले असते. सकाळी गाव रिकामं झाल्यावर सुरुवात केली आणि सामना संपायच्या आत शेवटची खेप गाडीतून टाकीखाली आणली. मधे चार-पाचदा जमिनीवर बसावं लागलं.

"का पण, ॲल्बी?"

ॲल्बीने उत्तर टाकीकडे बघत दिलं.

"जुलैत सिडनीच्या डॉक्टरने सांगितलं. डेसचंच आहे. बेरिलला ठाऊक नाही." मग म्हणाला, "माझ्या छातीत आता आणखी काय जायचंय? भरल्या पोत्यात मूठभर जास्त. आणि तो पोरगा तिथे उभा राहून सांगत होता, मास्क लावतो, सूट घालतो, काही होत नाही. त्याचं मूल अजून जन्मायचंय, लोर्ना. आम्ही लावलेलं ते त्याने का म्हणून काढायचं?"

"त्याच्याकडे परवाना आहे. परवाना असतोच त्यासाठी, की त्याच्या छातीत ते जाऊ नये. मी सगळं विचारून घेतलं होतं."

"आम्हीही विचारलं होतं. तोंडाला रुमाल बांधा, दुपारी दूध प्या, धूळ उतरते, असं सांगायला पत्र्यांच्या कंपनीचा माणूस आला होता. टाय लावून. त्याच्याकडेही कागद होते." ॲल्बी थांबला, श्वास गोळा केला. "डेस तर दोन-दोन ग्लास प्यायचा."

लोर्नाला रडू आलं आणि तिने ते आवरलं नाही. एकदा फसवलेल्या माणसाला दुसऱ्यांदा खरं कोण सांगतंय हे कसं कळावं? या पिढीची चूक एवढीच, की एकदा खोटं पडलेल्या शब्दावर ती पुन्हा विश्वासायला तयार नव्हती. तिने त्याच्या शेजारी बसून त्याला हळूहळू सांगितलं, की तो मास्क रबराचा असतो, चेहऱ्यावर बसतो की नाही ते यंत्र लावून तपासतात, कामाचे कपडे तिथेच पिशवीत बांधतात, माणूस तिथेच अंघोळ करून घरी येतो. घरी काही म्हणजे काही येत नाही.

"घरी," ॲल्बी म्हणाला.

"तुझा डगला कुठे काढलास?"

"टोपलीत. नेहमीच्या."

"बेरिलने तो सोमवारी झटकला. मग दोनदा धुतला. मी आले तेव्हा परत झटकत होती."

ॲल्बीने हॅट काढली आणि गुडघ्यावर धरली. दामिरची छाती त्याने मोजली होती, त्याच्या न जन्मलेल्या लेकराची मोजली होती. पन्नास वर्षं ज्या टोपलीत कपडे टाकले ती रोज कोण उपसतं, हे त्याच्या मनातच आलं नव्हतं. त्याच्याच काय, त्यांच्या कुणाच्याच कधी मनात आलं नव्हतं.

"मला निरीक्षक बाईंकडे ने," तो म्हणाला.

७

निरीक्षक बाई वाटल्या त्यापेक्षा भल्या निघाल्या. ॲल्बीचा जबाब घेताना त्यांनी त्याला तीनदा पाणी दिलं. त्याच दुपारी दामिरचा परवाना मोकळा झाला. ॲल्बीवर खटला भरायचा की नाही ते वरचे ठरवतील, त्या म्हणाल्या, आणि आवाज खाली आणून लोर्नाला विचारलं की ॲल्बीकडे किती दिवस आहेत. लोर्ना म्हणाली, वरच्यांना ठरवायला लागतील त्याहून कमी.

मॉट्रमांचं घर, परस, कपडे धुवायचं यंत्र आणि ती दोरी साफ करायला परवान्याचा माणूस लागणार होता. जवळपास तसा एकच होता. ग्वेनिथने समितीच्या वतीने त्याला फोन केला, परका पोरगा वगैरे शब्द न काढता.

दामिर आला. सूट चढवण्याआधी रस्ता ओलांडून तो लोर्नाच्या ओसरीवर आला आणि ॲल्बीपुढे उभा राहिला. लोर्नाला वाटलं, हा आता चार शब्द ऐकवणार, आणि ऐकवावेत असा त्याचा हक्कही होता.

"मिस्टर मॉट्रम, एकही पत्रा तडकलेला नाही," दामिर म्हणाला. "माझ्याच्याने झालं नसतं."

ॲल्बीने नुसता हात उचलला. मग दामिरने त्याच्यासमोरच मास्क चढवला, दोन्ही तळवे झडपांवर दाबून श्वास घेतला, हवा कुठून शिरत नाही ना ते पाहिलं, मास्क काढून परत घातला आणि परत पाहिलं. कुणासाठी चाललंय हे सगळ्यांना कळत होतं. ॲल्बी एकाग्रपणे बघत होता.

संध्याकाळपर्यंत तिघं ओसरीवर बसून समोरचं घर बघत राहिली. बेरिलच्या अंगावर लोर्नाचा झगा होता, तो तिला दोन बोटं मोठा होत होता. ॲल्बीच्या आजाराचं तिला दुपारी कळलं होतं. आधी ती रडली, मग तिने त्याला खूप बोल लावले, मग त्याच्या मानेमागे उशी दिली. पांढऱ्या सूटमधली माणसं तिच्या चादरी एकेक करून पिशव्यांत भरत होती, पिशवीचं तोंड पिळून, चिकटपट्टी गुंडाळून, दुमडून परत पट्टी लावत होती. निरीक्षक बाई जाताना सांगून गेल्या होत्या की एखाद्या वेळेच्या धुळीने सहसा काही होत नाही.

ॲल्बी जबाब दिल्यापासून जवळजवळ बोलला नव्हता. बेरिलला ते सोसवेना.

"एवढं तोंड पाडून बसू नका हो," ती त्याच्या गुडघ्यावर थोपटत म्हणाली. "लोर्ना, ती धूळ वर यायला तीस-चाळीस वर्षं लागतात ना गं? मग मी कशाला राहते तोवर? आता सत्तर पार केली मी. दोन दिवस डगला झटकला तर काय बिघडलं?"

ती मनापासून हसली. लोर्नाही तिच्याबरोबर हसली, निदान तोंड तसं केलं.

ॲल्बी समोरच्या घराच्या बाजूने दिसणाऱ्या परसातल्या रिकाम्या दोरीकडे बघत होता. बेरिल चहा करायला आत गेल्यावर तो म्हणाला, "आमचं लग्न चौसष्ट साली झालं, लोर्ना. माझे डगले तेव्हापासून तीच झटकते."

लोर्नाचं त्याच्या पुढच्याच वर्षी झालं होतं.